मोठी गाडी घेण्यापूर्वी वहीत मांडायचा हिशोब

खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, सारी भावकी एका घरात गोळा होते आणि त्याच गर्दीत कोणीतरी म्हणतो की आता सात-आठ जण बसतील अशी गाडी घेतलीच पाहिजे. पुढचे बोलणे हप्त्याचे, रंगाचे आणि पासिंगच्या नंबराचे असते. ती गाडी हवेत, पाण्यात आणि जमिनीत काय टाकणार आणि तिथून काय उचलणार, हा हिशोब कोणी मांडत नाही. तो अवघड असतो असेही नाही. शंभर पानी वही, मागच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या आणि विजेचे एक बिल एवढ्या सामग्रीवर तो एका दुपारी उरकतो. मात्र आकडे जाहिरातीतले न घेता स्वतःचे घ्यावेत.

पहिल्या पानावर इंधनाचे नावही लिहू नये. तिथे फक्त मागच्या वर्षातील फेऱ्या लिहाव्यात: सर्व्हिसिंगच्या दोन पावत्यांवरील किलोमीटर वजा केले की वर्षाचे एकूण अंतर मिळते आणि प्रत्येक ठळक फेरीपुढे माणसे किती बसली होती हे आठवून टाकता येते. माझ्या वहीत एका वर्षाच्या २१४ फेऱ्या निघाल्या आणि त्यांपैकी पाचाहून अधिक माणसे बसल्याच्या फेऱ्या नऊच होत्या: चार लग्ने, दोन दहावे, वणीच्या गडाची एक फेरी, एक भरीत पार्टी आणि कानबाई. उरलेल्या २०५ फेऱ्यांत मी एकटा किंवा आम्ही दोघे होतो. ज्याच्या शेताकडचा रस्ता पावसाळ्यात काळ्या मातीत गुडघाभर रुततो, त्याला उंच गाडी लागते हे मान्यच आहे. पण उंच गाडी आणि जड गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रुतण्याच्या बाबतीत जड गाडीच आधी रुतते.

दुसऱ्या पानावर खरा अ‍ॅव्हरेज लिहावा. गाडीच्या कागदावर छापलेला आकडा ठरावीक पद्धतीच्या चाचणीत मिळालेला असतो. जळगावच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत एसी लावून रेल्वे फाटकावर उभे राहणे त्या चाचणीत नसते. म्हणून टाकी फुल ते टाकी फुल ही जुनी पद्धतच वापरावी. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होताच भरणे थांबवावे, ‘साहेब, राउंड फिगर करून देतो’ या आग्रहाला नम्रपणे नाही म्हणावे, मीटरवरचा आकडा लिहावा आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा पहिल्या बंद होण्यापर्यंत भरावे. शेजारच्या सात आसनी डिझेल गाडीवर आम्ही हे केले, तेव्हा ४१२ किलोमीटरला ३६.८ लिटर लागले, म्हणजे लिटरला ११.२ किलोमीटर, कागदावरचा आकडा १६ होता. एका मोजणीवर भरवसा ठेवू नये. उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात एक आणि थंडीत एक अशा तीन मोजण्यांची सरासरी काढावी. गाडी अजून घ्यायचीच असेल, तर तेच मॉडेल वापरणाऱ्या दोन-तीन ओळखीच्यांकडून मोजून घ्यावे. खानदेशात असा माणूस शोधायला फार लांब जावे लागत नाही, कारण आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक गाड्या एसयूव्ही-एमयूव्ही घाटाच्या आहेत.

आता गुणाकार. एक लिटर पेट्रोल जाळले की साधारण २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जाळले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलो वजनाच्या लिटरभर पेट्रोलातून सव्वादोन किलोंहून अधिक वायू कसा निघतो, असे पुष्कळांना वाटते. इंधनातला कार्बन हवेतला प्राणवायू जोडून घेतो आणि ते वजन त्यात मिळते, एवढेच त्याचे उत्तर आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर धरले, तर लिटरला १२ देणारी मोठी डिझेल गाडी १,००० लिटर जाळते आणि २,७०० किलो वायू सोडते. लिटरला १८ देणारी लहान पेट्रोल गाडी ६६७ लिटर जाळते आणि सुमारे १,५३० किलोंवर थांबते. जमिनीतून तेल काढणे, ते शुद्ध करणे आणि पंपापर्यंत आणणे यांचा वाटा जोडायचा असेल, तर दोन्ही आकडे साधारण पाचव्या हिश्श्याने वाढवावेत.

इथवर आले की ‘पण आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते ना’ हा प्रश्न येतो, आणि खानदेशाच्या दृष्टीने तो सर्वांत विचार करण्याजोगा आहे. पंपावर मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल असते. हे उद्दिष्ट आधी २०३० साठी ठरले होते, ते अलीकडे ओढले गेले आणि २०२५ मध्ये गाठलेही गेले. इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या जवळजवळ दोनतृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई२० च्या लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. अ‍ॅव्हरेज मोजताना ही घट आपोआप पकडली जाते, म्हणूनही स्वतः मोजणे महत्त्वाचे. कार्बनच्या बाजूने इथेनॉल उजवे आहे. नीती आयोगाच्या मूल्यमापनानुसार शेतापासून धुराड्यापर्यंत धरल्यास उसाच्या इथेनॉलमुळे पेट्रोलपेक्षा ६५ टक्के आणि मक्याच्या इथेनॉलमुळे ५० टक्के कमी हरितगृह वायू बाहेर पडतात.

पाण्याच्या बाजूने मात्र वहीचे वेगळे पान उघडावे. नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते असे दिले आहे. आपली लहान गाडी वर्षाला ६६७ लिटर ई२० जाळते, म्हणजे त्यात १३३ लिटर इथेनॉल आले. ते सगळे उसाचे धरले तर पाणी झाले ३ लाख ८० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ३८ टँकर. लिटरला १० देणाऱ्या मोठ्या पेट्रोल गाडीचे असेच मांडले, तर २४० लिटर इथेनॉल आणि सुमारे ६९ टँकर होतात. एप्रिल-मे महिन्यांत अमळनेर किंवा शिंदखेडा तालुक्यातील ज्या गावाने टँकरची वाट पाहिलेली आहे, त्या गावातील माणसाला हा आकडा निराळा समजावून सांगावा लागत नाही. साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीपासून इथेनॉल झाले असेल, तर ते पाणी साखरेच्या खात्यावर टाकणे रास्त आहे. म्हणून या पानावरचा आकडा कमाल आकडा समजावा. आणि केळीच्या जिल्ह्यात बसून उसाला पाण्यावरून बोल लावताना आपण जरा जपून बोलावे, हेही खरे. केळी ठिबकवर गेली म्हणून तिची तहान संपलेली नाही.

मक्याचे गणित आणखी वेगळे आहे. खरिपाचा मका पावसावर येतो, त्यामुळे पाण्याचा भार कमी. पण गेल्या दोन-तीन वर्षांत इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली आणि तोच मका कोंबड्यांचे खाद्यही आहे. मक्याचा भाव चढला की शिरपूर-शहाद्याचा शेतकरी खूश असतो आणि नवापूरचा पोल्ट्रीवाला कपाळाला हात लावतो. दोघेही आपलेच, त्यामुळे या ओळीपुढे अधिक किंवा उणे काहीच न लिहिता ती तशीच ठेवावी. गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची असेल, तर टाकीच्या झाकणाजवळचे लेबल आणि माहितीपुस्तिका पाहून ती ई२० साठी चालते की नाही, याची खात्री आधी करून घ्यावी.

सीएनजीचे पान छोटे आहे. किलोमागे साधारण २.७५ किलो वायू धरावा. किलोला २५ देणारी लहान गाडी वर्षाला ४८० किलो गॅस घेते आणि १,३२० किलो वायू सोडते, म्हणजे त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा कमी, आणि धूरही स्वच्छ. दोन गोष्टी वजा कराव्यात. गॅस म्हणजे मिथेन, आणि न जळता गळालेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस-तीसपट तापदायक असतो, म्हणून गळतीची तपासणी वेळेवर करावी. दुसरी गोष्ट अशी की गॅस भरायला प्रत्येक वेळी तीस किलोमीटरचा वळसा पडत असेल, तर ते किलोमीटर पहिल्या पानावर चढवावेत. शेणापासून किंवा केळीच्या खोडांपासून केलेला बायोगॅस शुद्ध करून दाबाखाली भरला, तर तो याच गाडीत चालतो; २०१८ पासून केंद्राची सतत नावाची योजना त्यासाठीच आहे. घड कापल्यावर बांधावर टाकून दिलेल्या खोडांचे ढीग रावेर-यावलकडे पाहिले, की कच्चा माल कुठे आहे हे सांगावे लागत नाही. पण जवळच्या पंपावर हा गॅस खरोखर मिळू लागेपर्यंत तो हिशोबात धरू नये.

हायड्रोजनसाठी एक ओळ पुरे. एक किलो हायड्रोजन पाण्यापासून करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते आणि त्यावर गाडी सुमारे १०० किलोमीटर जाते. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर गाडी त्याच्या तिप्पट जाते.

विजेच्या गाडीला ‘शून्य प्रदूषण’ म्हणणाऱ्याने भुसावळजवळचे दीपनगर वीज केंद्र एकदा डोळ्यांनी पाहावे. तिथल्या चिमण्या कोळशाच्या आहेत, आणि रात्री घरी चार्जिंगला लावलेल्या गाडीचा धूर अशाच चिमण्यांतून निघतो. देशातील विजेच्या जाळ्याची सरासरी घेतली, तर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. चार्जिंगमधील घट धरून लहान विजेची गाडी युनिटला ७ किलोमीटर गेली, तर वर्षाला १,७१४ युनिट आणि १,२०० किलो वायू होतो. मोठी विजेची गाडी युनिटला ५ किलोमीटर गेली, तर २,४०० युनिट आणि १,६८० किलो. मोठ्या डिझेल गाडीपेक्षा हे फार चांगले आहे यात वाद नाही. पण लहान पेट्रोल गाडी १,५३० किलोंवर थांबली होती, आणि तेल शुद्ध करण्याचा वाटा जोडला तरी तिचे आणि मोठ्या विजेच्या गाडीचे जवळपास बरोबरीने जाते. त्यात बॅटरी जोडावी. बॅटरीच्या प्रत्येक युनिट क्षमतेमागे ती बनवताना साधारण ६० ते १०० किलो वायू सुटतो. मधला ८० चा आकडा घेतला, तर ६० युनिटच्या बॅटरीला ४,८०० किलो आणि २५ युनिटच्या बॅटरीला २,००० किलो. दहा वर्षांत वाटल्यास वर्षाला ४८० आणि २०० किलो. इंधन बदलले तरी वजनाने आपला हप्ता वसूल केलाच.

हा आकडा खाली आणण्याची सोय खानदेशात इतरत्र मिळणार नाही एवढी आहे, कारण ऊन फुकट आहे. घरावर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल बसवले की दिवसाला सरासरी १२ युनिट निघतात. पीएम सूर्यघर योजनेत तेवढ्या क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान मिळते. लहान गाडीला रोज पाच युनिट पुरतात. शक्य असेल तेव्हा चार्जिंग दुपारी करावे, कारण त्या वेळी जाळ्यातही साक्रीसारख्या ठिकाणच्या सौर विजेचा वाटा मोठा असतो.

सरकारी नियमांकडे पाहून आकार ठरवू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल-डिझेल गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, हे ठीक. पण विजेच्या गाडीवर ती केवढीही असली तरी ५ टक्केच आहे. कंपन्यांना घालून दिलेली धुराची मर्यादाही गाड्यांच्या सरासरी वजनानुसार सैल होत जाते. कागदावर वजनाला सवलत मिळते, वहीत ती देऊ नये.

डिझेलच्याच बाजूने मन झुकत असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, आणि साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटे सलग वेगात चालावी लागते. ज्याची फेरी घर ते शेत चार किलोमीटर आणि शेत ते घर चार किलोमीटर अशीच असते, त्याची जाळी तुंबते, दिवा लागतो आणि इंधन जास्त जाते. अशा माणसाला डिझेल घेऊ नये असे मी स्पष्ट सांगतो. तसेच वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच फिरणाऱ्याने चालू स्थितीतली जुनी लहान गाडी विकून नवी घेण्याची घाई करू नये, कारण नवी गाडी बनतानाच तिच्या वजनाच्या कित्येकपट वायू हवेत गेलेला असतो आणि एवढ्या कमी अंतरात तो फिटायला फार वर्षे लागतात.

शेवटच्या पानावर दोन्ही वाटा शेजारी-शेजारी मांडाव्यात. माझ्या नऊ मोठ्या फेऱ्यांचे अंतर १,६२० किलोमीटर भरले. तेवढ्यासाठी भाड्याची मोठी डिझेल गाडी केली, तर १३५ लिटर आणि ३६५ किलो. उरलेले १०,३८० किलोमीटर लहान पेट्रोल गाडीने केले, तर १,३२५ किलो. बेरीज १,६९०, आणि स्वतःची मोठी गाडी बाराही महिने वापरली असती तर २,७००. भाड्याची गाडी मात्र आषाढातच सांगून ठेवावी. कानबाईच्या रविवारी सांगायला गेलात, तर आख्ख्या तालुक्यात एकही मोकळी सापडणार नाही.