नवा बॉल लीगला काढायचाय? घाई करू नका

आमची टेनपिन बोलिंगची (लेनवर बॉल टाकून दहा पिना पाडायची) लीग मंगळवारी रात्री, इकडे न्यू जर्सीत. चार जणांची टीम, तीन गेम, टीममधे मी एकटाच देसी आणि बाकीचे तिघं साठीच्या आसपासचे, शाळेत असल्यापासून बोलिंग करणारे. मी आत्तापर्यंत सहा-सात बॉल घेतलेत आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे पहिल्याच रात्री एकतर डोक्यावर घेतले नाहीतर डिकीत टाकून दिले, आणि दोन्ही वेळा चुकीच्या कारणानं, म्हणजे स्कोअर बघून. म्हणून हे लिहितोय. (मी उजव्या हाताचा, डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचा.)

सगळ्यात आधी अंगठा. दुकानात ड्रिल करून घेतल्यावर दोन-चार थ्रो मस्त जातात हो, पण लीगमधे अडीच-तीन तासात अंगठा सुजतो. माझा एक बॉल दुसऱ्या गेमला सुटलाच नाही, हाताबरोबर वर गेला आणि असा धाडकन लेनवर आदळला की शेजारच्या पेअरवरच्या (पेअर म्हणजे दोन लेनची जोडी) आजीबाई नाचोची प्लेट हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या. तेव्हापासून भोक जरा सैल करून घेतो आणि आत टेपच्या दोन पट्ट्या लावून ठेवतो, अंगठा सुजला की एक काढायची. पिशवीत टेप आणि छोटी कात्री हवीच. जुना वापरलेला बॉल घेतला असेल तर त्यात बॅलन्स होल, म्हणजे बोटं-अंगठा सोडून वजनासाठी पाडलेलं जास्तीचं भोक, नाही ना बघा, २०२० च्या ऑगस्टपासून यूएसबीसीच्या (अमेरिकेतली बोलिंगची संघटना) लीगमधे ते चालत नाही, बुजवून घ्यावं लागतं.

मग प्रॅक्टिस, आणि इथेच बरेच जण फसतात. रविवारी दुपारी जाल तर सकाळपासून पोरांच्या बर्थडे पार्ट्या झालेल्या असतात, लेनवरचं तेल पार उडालेलं, बॉल असा काही वळतो की वाटतं चला आता दोनशेच्या खाली येतच नाही. आणि मंगळवारी ताज्या तेलावर तोच बॉल सरळ घसरत जातो. काउंटरवर विचारा की लेनला तेल कधी मारतात आणि त्याच्यानंतर लगेच जा. लेन ६० फूट, त्यातले साधारण ४० फूट तेल, तेही मधे जाड आणि कडेला पातळ. बॉल तेलात घसरतो, कोरड्यात वळतो आणि शेवटी गडगडत पिनात शिरतो, आपल्याला फक्त हे तीन टप्पे कुठे बदलतात ते बघायचंय. जुना बॉल बरोबर न्या, पाय तिथेच, टार्गेट तेच (मी लेनवरच्या दुसऱ्या बाणावर, म्हणजे उजवीकडून दहाव्या बोर्डावर टाकतो; बोर्ड म्हणजे लेनची उभी पट्टी), एक थ्रो जुना, एक नवा, असे वीसेक थ्रो. नवा किती बोर्ड जास्त वळला ते मोजा आणि फोनमधे लिहून ठेवा.

आता लीगची रात्र. आमच्याकडे वॉर्मअप दहा मिनिटं, चौघात मिळून, म्हणजे वाट्याला येणार चार-पाच थ्रो, त्यात डावी लेन आणि उजवी लेन कधीच सारखी नसते, म्हणून दोन्हीवर टाका. खरबरीत, २००० ग्रिटच्या पॅडनं घासलेला बॉल असेल तर तो पहिल्या गेमला काढा, ताजं तेल असतं तोवर. चकचकीत पॉलिशवाला असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या गेमला, जेव्हा तेल उडालेलं असतं आणि खरबरीत बॉल लवकर वळून पहिल्या पिनच्या नाकावर बसायला लागतो. लीग सुरू झाली की पॅडनं घासायला परवानगी नाही आणि पुसायला फक्त कोरडा टॉवेल, त्यामुळे जे काय घासायचं ते आधीच.

आणि मुख्य म्हणजे स्ट्राइक (एका थ्रोत सगळ्या पिना) मोजू नका, सहा नंबरची पिन बघा, म्हणजे उजव्या कोपऱ्यातल्या दहा नंबरच्या लगेच पुढची. पॉकेट (पहिल्या आणि तिसऱ्या पिनमधली फट) नीट लागलं तरी दहा नंबरची पिन उभी राहते ना, तेव्हा आपण कपाळावर हात मारून वळतो आणि नेमकं बघायचं तेच चुकतं. सहाची पिन जोरात उडून दहाच्या मानेजवळून गेली असेल तर बॉलमधे दम आहे, नशीब खराब, पाय किंचित हलवा आणि चालू ठेवा. पण सहाची पिन मेल्यासारखी गटरमधे आडवी पडली असेल तर बॉलनं पिनांपर्यंत पोचायच्या आधीच जीव सोडलाय, किंवा पॉकेटला हलका लागलाय. असं एका गेममधे तीनदा झालं की मी बॉल बदलतो. हे मला आमच्या टीममधल्या सगळ्यात म्हाताऱ्या गड्यानं शिकवलं, त्याआधी मी दोन सीझन नुसता नशिबाला शिव्या देत होतो.

नाकावर जायला लागला तर पाय दोन बोर्ड डावीकडे, टार्गेट एक बोर्ड डावीकडे, साधा हिशोब. बॉल परत आला की पुसायच्या आधी त्याच्यावरचे तेलाचे गोल पट्टे बघा, पट्टा अंगठ्याच्या भोकावरून जात असेल तर लेनवर टकटक असा आवाज येतो, मग दुकानात जाऊन लेआउट (भोकं कुठे पाडलीत ते) दाखवा.

स्पेअरला, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या थ्रोला पाडताना, नवा बॉल अजिबात नको. कोपऱ्यातली दहाची पिन जुन्या प्लॅस्टिकच्या बॉलनं सरळ मारायची, वळायची भानगडच नाही. नव्या बॉलच्या कौतुकात मी एकदा एका गेममधे चार दहाच्या पिना सोडल्या, आणि मॅच अकरा पिनांनी हरलो. कोणी काही बोललं नाही, पण पुढची बिअर माझ्याकडून होती.

बॉल बदलायचा तर कधी, हे घरून ठरवून या. माझं ठरलेलं असतं: नवा बॉल पाच फ्रेम (गेममधल्या दहा पाळ्यांपैकी पाच), त्यात दोनदा फ्रेम ओपन राहिली, म्हणजे दोन थ्रोतही पिना उरल्या, की जुना बॉल पिशवीतून बाहेर. टीमचे पॉइंट असतात, आपल्या एकट्याचा प्रयोग नाही. असं तीन मंगळवार करा. तेवढ्यानंतरही जमत नसेल तर विकायच्या आधी एकदा सरफेस बदलून बघा, पॉलिश असेल तर उतरवा, खरबरीत असेल तर चढवा. माझा आत्ताचा लाडका बॉल असाच डिकीतून परत आलाय.