खानदेशातला पणजोबा कागदावर कसा शोधावा

गावाकडे एखाद्या म्हातारीसमोर उभे राहा. ती आधी नाव विचारत नाही, "तू कोनना पोर्‍या शे?" (तू कोणाचा मुलगा?) असे विचारते. इंग्रजी अमदानीतले दप्तरही माणसाला असेच ओळखते. पूर्वज शोधायला निघालेले बहुतेक जण आडनाव घेऊन निघतात आणि तिथेच अडकतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नोंदीत आडनाव असेलच असे नाही. 'धोंडू वल्लद महादू' किंवा 'धोंडू बिन महादू' एवढेच असते. वल्लद आणि बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. म्हणून माझे सांगणे एकच: आडनाव सोडा, शेत धरा.

कागदाला हात लावायच्या आधी मात्र घरातल्या मोठ्या मायजवळ, म्हणजे आजीजवळ, बसा. गाव, भाऊबंद, कुलदैवत, शेताचे बोलीतले नाव, मोठी माय कोणत्या गावची, सगळे लिहून घ्या. सन विचारू नका, तो कोणालाच सांगता येत नाही. 'मानमोडीच्या साथीत गेले' असे कळले तर ती इन्फ्लुएंझाची साथ, म्हणजे 1918 साल आपोआप मिळते.

मग गाव तेव्हा कुठे होते ते पाहा. 1818 ते 1906 खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे. 1906 मध्ये पूर्व खानदेश (जळगाव) आणि पश्चिम खानदेश (धुळे) झाले. नंदुरबार तर 1998चा जिल्हा. मालेगाव, बागलाणही 1869 मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत खानदेशातच होते. तालुकेही बदलले. 1880च्या गॅझेटियरच्या खानदेश खंडात विरदेल, सावदा, नशिराबाद, पिंपळनेर हे तालुके आहेत, आणि आजचे मुक्ताईनगर तेव्हाचे एदलाबाद. जळगावकडच्या माणसाने 1906 पूर्वीचा कागद शोधताना धुळ्यालाही चौकशी करावी.

आता शेत. आजचा सातबारा घ्या. नावांजवळ वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफाराचे, म्हणजे जमिनीवरचा हक्क बदलल्याच्या नोंदीचे, क्रमांक. त्यांच्या नकला काढत मागे मागे जा. हक्कनोंदीची पद्धत मुंबई इलाख्यात 1903च्या कायद्याने आली, त्यामुळे नशीब असेल तर ही साखळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जाते. वारस फेरफार म्हणजे तर वंशावळच: कोण वारले, मुले किती, विधवा कोण. 'अ.पा.क.' दिसले तर मुलगा अज्ञान (वयाने लहान) होता आणि पालनकर्ता दुसरा कोणी. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्या एकट्याच्या नावामागे चार भाऊ दडलेले असू शकतात.

एक खड्डा हमखास लागतो. जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतर जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यांचा मेळ घालणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, बोलीत त्याला नऊ-तीन नऊ-चारचा उतारा म्हणतात. सर्व्हे नंबर हाती आला की आकारबंद (क्षेत्र आणि सारा दाखवणारा), क-पत्रक, पाहणीपत्रक (पिकांची नोंद) ही त्या शेताची जुनी पत्रके मागता येतात. बाकी कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात. कोर्ट फी तिकीट लावून अर्ज द्या आणि त्यात कागदाचे नेमके नाव लिहा. 'जुने रेकॉर्ड द्या' म्हटले की 'नाही' हेच उत्तर येते, हे मी दोन खेपा वाया घालवून शिकलो. जाण्याआधी 'आपले अभिलेख' हे सरकारी संकेतस्थळ चाळा. धुळे जिल्ह्याचे बरेच जुने कागद तिथे स्कॅन केलेले आहेत.

ज्यांच्याकडे शेतच नव्हते त्यांनी काय करायचे? गाव नमुना 14 मागायचा, म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद. शिवाय जुन्या मराठी शाळेचे जनरल रजिस्टर. जात पडताळणीसाठी लोक हीच दोन दप्तरे शोधतात, त्यामुळे कारकुनांना ती ठाऊक असतात.

जुने कागद बहुधा मोडी लिपीत निघतील. घाबरू नका. अक्षरे एकाच रेषेला टांगलेली, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पण नोंदीचा साचा ठरलेला असल्याने दोन-तीन महिन्यांच्या सरावात नावे वाचता येतात. स्वतः न जमल्यास जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ अशा जुन्या कागदांचे खानदेशातले मोठे ठिकाण आहे. तारीख शकात असेल तर 78 मिळवा, जानेवारी ते मार्चमधली असेल तर बहुधा 79. व्यापारी घराच्या वहीत दिवाळीला सुरू होणारे संवत असेल तर 56 वजा करा, दिवाळी ते डिसेंबरअखेरची तारीख असेल तर 57.

एकाच गावात एकाच नावाचे दोघे निघतातच. मी अख्खा महिना दुसऱ्याच्याच पणजोबामागे फिरलो. बापाचे नाव आणि सर्व्हे नंबर दोन्ही जुळल्याशिवाय माणूस आपला म्हणू नका.

कागद संपले की वंशावळी सांगणारे भाट आणि यात्रेकरूंच्या वह्या ठेवणारे त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय. भाटाच्या पोथीतल्या वरच्या पिढ्या राजा-महाराजांपर्यंत जातात, त्या कौतुकाने ऐकाव्यात. खालच्या चार-पाच पिढ्या मात्र फेरफाराशी ताडून पाहाव्यात. तीर्थोपाध्यायांच्या वहीत गाव आणि कुळ सांगितले की श्राद्धाला कोण आले होते ते सापडते, कधी पणजोबाची मोडीतली सहीही. जाताना आपल्या पोरांची, आणि मुलींचीही, नावे घेऊन जा. वही पुढे सरकवली की गुरुजी ती नावे लिहून घेतात.