कारखान्यातला अपघात दर काढायचा तर आधी मनुष्यतास नीट मोजा

सूत्र सगळ्यांना पाठ असतं. आयएस ३७८६ या भारतीय मानकाप्रमाणे वारंवारता दर म्हणजे वेळ बुडवणाऱ्या दुखापती गुणिले दहा लाख, भागिले प्रत्यक्ष भरलेले मनुष्यतास, म्हणजे सगळ्या माणसांनी मिळून केलेल्या कामाचे तास. तीव्रता दरात दुखापतींच्या जागी बुडालेले दिवस घ्यायचे. दर चुकतो तो भागाकारातल्या खालच्या आकड्यात, म्हणजे मनुष्यतासांत, आणि तो आकडाच बहुतेक ठिकाणी अंदाजानं ठोकलेला असतो.

दुखापती आधी वेगळ्या करा. ज्या दुखापतीमुळे माणूस त्या पाळीनंतरही कामाला उभा राहू शकला नाही, ती मोजायची. माणूस ४८ तास किंवा जास्त कामाला येऊ शकला नाही तर सरकारला कळवायचं, ही कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ८८ मधली अट (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली) फक्त कळवण्यापुरती होती. तेवढ्याच दुखापतींवरून काढलेला दर सरकारी कामापुरता ठीक, पण दोन कारखान्यांची किंवा दोन वर्षांची तुलना त्यावरून करू नका. हाताला पट्टी बांधलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावून गेटवर बसवायचं आणि हजेरी लावायची, ही पद्धत सरळ लबाडी आहे. तो दिवस बुडालेलाच धरा.

आता मनुष्यतास. ‘माणसं गुणिले आठ गुणिले तीनशे’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यात रजा, गैरहजेरी आणि ओव्हरटाइम काहीच येत नाही. तास पगारपत्रकावरून किंवा पंचिंगवरून घ्या, ओव्हरटाइम मिळवा, रजेचे तास पगारी असले तरी वगळा. ओव्हरटाइमची मजुरी दुप्पट मिळते म्हणून पैशांवरून तास काढाल तर तेही दुप्पट होतील.

खरी मेख ठेकेदाराच्या माणसांत आहे. जालन्यातली एखादी रोलिंग मिल धरा. कायम कामगार १२०, वर्षाचे तास २,७०,०००. ठेकेदाराची माणसं ८०, त्यांचे तास २,३०,०००. दुखापती सहा: कायम कामगारांच्या दोन, ठेक्यावरच्या चार. एकूण पाच लाख तासांवर दर येतो १२. ठेकेदाराचे तास सोडले पण दुखापती धरल्या, तर २२.२. दोन्ही सोडलं तर ७.४, आणि अहवालात हाच आकडा छान दिसतो! पण तप्त सळईजवळ उभी असणारी माणसंच त्यातून गायब झालेली असतात. नियम एकच: ज्याची दुखापत वर धरली त्याचे तास खाली आलेच पाहिजेत, आणि ज्याचे तास धरले त्याची दुखापत वर.

त्यासाठी दर महिन्याला ठेकेदाराचं बिल, मुकादमाची हजेरी वही आणि गेटवरचं पंचिंग समोरासमोर ठेवून जुळवा. एकच माणूस दोन यादीत येतोय का तेही बघा. टनावर मजुरी घेणाऱ्या हमालांचे तास कुठंच लिहिलेले नसतात. तिथं त्यांचे प्रत्यक्ष हजर दिवस गुणिले रोजचे सरासरी तास धरा, आणि हा अंदाज असल्याचं अहवालात लिहा.

साखर कारखान्यात गळीत हंगामाची तुलना हंगामाशीच करा, दुरुस्तीच्या महिन्यांशी नको. चाळीस माणसांच्या जिनिंगमध्ये महिन्याला जेमतेम ८,३२० तास भरतात. एक दुखापत झाली की दर १२० वर उडी मारतो, पुढच्या महिन्यात शून्य. अशा ठिकाणी महिन्याचा दर काढूच नका, मागच्या बारा महिन्यांचा काढा.

तीव्रता दरात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६,००० दिवस लावायचे. मागच्या वर्षीच्या दुखापतीमुळे यंदा दिवस बुडाले तर ते यंदाच्या हिशेबात येतात. हे हमखास विसरलं जातं.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्रा औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांकडं परदेशी ग्राहक कधी कधी दोन लाख तासांवरचा दर मागतात. अमेरिकेतला हा पाया १०० कामगार, आठवड्याला ४० तास, ५० आठवडे असा आहे. वरच्या मिलचा १२ त्यात २.४ होतो. मात्र तिकडची नोंदणीयोग्य दुखापतीची व्याख्या आपल्यापेक्षा रुंद आहे. वेळ न बुडवणाऱ्या, पण प्रथमोपचारापलीकडं उपचार लागलेल्या दुखापतीही त्यात येतात. म्हणून ग्राहकाला नेमका कोणता दर हवा ते आधी विचारा, आणि प्रत्येक आकड्याखाली दुखापतींची संख्या, एकूण तास, कालावधी आणि पाया लिहा.