रोटाला सारखा वर तरंगत होता

जुडीला गुंडाळलेली शिशाची पट्टी तशीच ठेवून रोटाला (माशांच्या टाकीत लावायची पाणवनस्पती) टाकीतल्या वाळूत खोचला, की पट्टीखालचे देठ चेपून काळे, बुळबुळीत होतात आणि वरचा भाग सुटतो. पट्टी काढली, सडका भाग पेराच्या जरा खाली धारदार कात्रीने छाटला. खालच्या ३-४ पेरांची पाने काढली. शेवटच्या पेरावर मात्र अर्धवट पाने ठेवली, तीच वाळूत अडकतात. मग एकेक काडी लांब चिमट्याने तिरकी, ४ सेंमी खोल, २ सेंमी अंतरावर. चिमटा सैल करून हलवत काढायचा, सरळ ओढला तर काडीही मागोमाग येते (वैताग असतो तो!). मुळे धरेपर्यंत छाटणी नाही. शेंडे पाण्याच्या पृष्ठभागाला टेकले की अर्ध्यावर कापायचे, कापाखालून नवे फुटवे येतात. बुंधा सावलीने उघडा पडला असेल तर तो उपटून शेंडेच लावलेले बरे.