डावखुऱ्या नेमबाजाने जुनी सेमी-ऑटोमॅटिक बंदूक कशी वापरावी

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानपक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे आणि कोकणात मिळणारा शेतीसंरक्षणाचा परवाना हौसेच्या नेमबाजीसाठी नसतो. त्यामुळे पुढील माहिती केवळ अधिकृत रेंजवर उडत्या क्ले टार्गेटवर (हवेत फेकलेल्या ठिसूळ चकत्यांवर) करायच्या सरावापुरती आहे.

ब्राउनिंग ऑटो-५ सारख्या जुन्या सेमी-ऑटोमॅटिक (बार होताच पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या) बंदुकीतून रिकामे काडतूस उजवीकडे फेकले जाते, आणि डाव्या खांद्यावर बंदूक घेणाऱ्याला याचीच धास्ती अधिक वाटते. प्रत्यक्षात गाल दस्त्याला नीट टेकलेला असेल, तर काडतूस चेहऱ्यापुढून निघून जाते. दारूचे कण डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून संरक्षक चष्मा मात्र हवाच.

खरी अडचण सेफ्टीच्या, म्हणजे चाप अडवून धरणाऱ्या बटणाची आहे. चापामागचे आडवे बटण उजवीकडून डावीकडे दाबले की बंदूक बारासाठी मोकळी होते आणि डाव्या बाजूला लाल कडे दिसते. ही रचना उजव्या तर्जनीसाठी आहे. डावखुऱ्याला तेच बटण दाबताना बोट चापाच्या कड्याखालून पलीकडे न्यावे लागते, पकड सैल होते आणि तेवढ्यात टार्गेट निसटते. जाणकार कारागिराकडून उलट दिशेचे बटण बसवून घेणे हाच चांगला उपाय होय. मात्र त्यानंतर लाल कडे उजवीकडे दिसेल, हे ती बंदूक हाताळणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाला आधी सांगावे.

भरताना डावखुऱ्याची सोयच होते. नळी सुरक्षित दिशेला ठेवून डावा हात मुठीवरून न हलवता उजव्या हाताने बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) मागे ओढता येतो आणि काडतूसही त्याच हाताने घालता येते.

खाऱ्या हवेमुळे आपल्याकडे पावसाळाभर बंदुकीला सढळ हाताने तेल लावले जाते (खोबरेल तर लावूच नये, ते चिकट होते). ऑटो-५ मध्ये बार होताच नळी बोल्टसह मागे सरकते आणि मॅगझिनच्या नळीवरील (जादा काडतुसे ठेवायच्या खालच्या नळीवरील) ब्राँझचा घर्षण-तुकडा तो धक्का आवरतो. तेथे तेल साचले, तर घर्षण कमी होऊन धक्का थेट लाकडावर बसतो. म्हणून सरावाआधी मॅगझिनची नळी पुसून तेलाचा पुसटसा थरच ठेवावा. हलक्या काडतुसांसाठी त्याच नळीवरचे पोलादी कडे तिथल्या स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या सांगाड्याला) लागून ठेवावे. जड काडतुसांसाठी तेच स्प्रिंग आणि ब्राँझच्या तुकड्यामध्ये, उतार असलेली बाजू तुकड्याकडे करून बसवावे.