धुपीच्या प्रयोगासाठी कृत्रिम पाऊस: यंत्र कसं बांधायचं

सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे, पण जमिनीच्या धुपीचा, म्हणजे माती वाहून जाण्याचा, अभ्यास आजही पावसाच्या मर्जीवर अडतो. माती वाहून नेईल असा पाऊस वर्षात मोजक्याच वेळा होतो आणि तो आपल्याच वाफ्यावर पडेल याची खात्री नसते. म्हणून पाऊस आपण पाडायचा. झारीनं किंवा बागेतल्या स्प्रिंकलरनं मात्र काम होत नाही. २ मिमीचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगानं आदळतो आणि ढेकूळ फुटतं ते त्या मारानं. तो मार नसेल तर आपण फक्त जमीन भिजवत असतो.

एका वाफ्यासाठी एकच नोझल पुरतं: फुलजेट १/२ एचएच-एसएस ५० डब्ल्यूएसक्यू (हे मॉडेलचं नाव). ते जमिनीपासून ३ मीटरवर, तोंड खाली करून बसवा. २८ किलोपास्कल दाबाला, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.२८ किलोला, त्यातून मिनिटाला १२.६ लिटर पाणी पडतं आणि खालच्या १.५ × २ मीटर वाफ्यावर तासाला सुमारे ७० मिमी पाऊस होतो. बाकीचं पाणी वाफ्याबाहेर जातं, ते जाऊ द्या. सांगाडा २५ मिमीच्या चौकोनी पाइपचा करा. ओळंबा सोडून नोझल वाफ्याच्या बरोबर मध्यावर आणा आणि चारही पाय दोरीनं ताणून बांधा. वारा अडवायला चारी बाजूंनी ताडपत्री लावा, आणि शक्यतो सकाळी लवकरच काम उरका. थोड्या वाऱ्यानेही फवारा एका कडेला सरकतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती दाबमापकाच्या जागेत. तो पंपाजवळ बसवू नका. ३ मीटर उंच पाण्याचाच दाब २९ किलोपास्कल असतो. म्हणजे खाली ०.२८ दिसत असेल तर नोझलपर्यंत पाणी पोचलेलंच नाही. मापक नोझलच्या शेजारी, त्याच उंचीवर हवा, आणि तोही ० ते १ किलोचा. ० ते ७ किलोच्या मापकाचा काटा एवढ्या दाबाला जेमतेम हलतो. अर्धा एचपीचा पंप पुरे. जास्तीचं पाणी बायपासनं (बाजूला काढलेल्या नळीनं) टाकीत परत सोडा आणि दाब त्याच बायपासच्या व्हॉल्व्हनं जुळवा.

पाऊस हलका हवा असेल तर दाब कमी करू नका. थेंब मोठे होतात, फवारा आक्रसतो. त्यापेक्षा सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणाऱ्या) व्हॉल्व्हनं ३ सेकंद चालू, ३ सेकंद बंद ठेवा. ३५ मिमी मिळेल. दुकानात व्हॉल्व्ह ‘डायरेक्ट अ‍ॅक्टिंग’ मागून घ्या, कारण पायलटवर, म्हणजे पाण्याच्याच दाबाच्या मदतीनं, चालणारा एवढ्या कमी दाबाला बहुधा उघडतच नाही. तो नोझलच्या अगदी वर बसवा, नाहीतर बंद झाल्यावरही पाइपातलं पाणी ठिपकत राहून एकाच जागी खड्डा पाडतं.

आता पाणी. बोअरचं पाणी इथं बऱ्याच ठिकाणी क्षारयुक्त असतं. कॅल्शियम जास्त असलेलं पाणी चिकणमातीचे कण एकमेकांना धरून ठेवतं, त्यामुळे धूप खऱ्यापेक्षा कमी दिसते. सोडियम जास्त असेल तर उलट कण सुटे होतात. विद्युत वाहकता (पाण्यातल्या क्षारांचं माप) मीटरला ०.२ डेसिसीमेन्सच्या आत असलेलं आरओचं किंवा छतावर साठवलेलं पावसाचं पाणीच वापरा. ते शक्य नसेल, तर त्या आकड्यांना मी धुपीचे आकडे म्हणणार नाही.

यंत्र मातीवर चालवण्याआधी वाफ्याच्या जागी दर २५ सेमीला एक, असे ४८ डबे मांडा. डब्याचं तोंड १० सेमी व्यासाचं घेतलं तर १० मिनिटांत सरासरी ९२ मिली पाणी यायला हवं. प्रत्येक डब्याचा सरासरीशी फरक काढा, अधिक-उणे न बघता त्या फरकांची सरासरी ११ मिली, म्हणजे ९२ च्या १२ टक्के, आली तर समानता १०० उणे १२, म्हणजे ८८ टक्के. ८० च्या खाली गेली तर आधी नोझलची जाळी धुवा, मग पाणसळ लावून उभेपणा पाहा. थेंबाचा आकार बघायचा तर चाळलेल्या मैद्याचा अडीच सेंटिमीटरचा थर क्षणभर पावसात धरून झालेल्या गोळ्या वाळवा, चाळा आणि तोला.

काळ्या जमिनीत वाफ्याच्या कडेचे पत्रे ठोकताना ढेकळं फुटून भेग पडते आणि पाणी पत्र्याशेजारून आत मुरतं. आधी ती पट्टी ओली करा, पत्रे १५ सेमी खाली घाला आणि सांधा त्याच मातीच्या चिखलानं लिंपा. वाफ्यातून वाहून आलेलं पाणी गोळा करणारी उताराकडची पन्हळ वरून झाकलेली हवी. १० सेमी रुंद, दीड मीटर लांब पन्हळ उघडी राहिली तर तासाला साडेदहा लिटर पाऊस थेट तिच्यातच पडतो आणि वाहून आलेल्या पाण्यात मोजला जातो.

कोरड्या जमिनीवर ६० मिनिटं, २४ तासांनी ३० मिनिटं, मग अर्ध्या तासानं परत ३० मिनिटं पाऊस पाडा. दर दिवशी सुमारे ७५६ लिटर लागतं, म्हणजे १००० लिटरची टाकी पुरते. पहिल्या फेरीत भेगा पाणी पितात, अपधाव (जमिनीवरून वाहून जाणारं पाणी) उशिरा सुरू होतो. ती वेळ लिहून ठेवा, तीही नोंदच आहे. मग दर ३ मिनिटांनी लिटरची बाटली भरा, भरायला किती सेकंद लागले ते टिपा, आणि १०५ अंशावर २४ तास सुकवून तोला. सोबत टाकीतल्या नुसत्या पाण्याचीही एक बाटली सुकवा. तिच्यात उरलेले क्षार प्रत्येक बाटलीतून वजा करायचे असतात.