प्रेशर वॉशर घेताना नुसता बार बघू नका

दुकानदार बारचा, म्हणजे पाण्याच्या दाबाचा, आकडा पुढे करतो. तुम्ही मिनिटाला किती लिटर पाणी पडतं ते विचारा. बाल्कनी, गाडी आणि वर्सोव्याच्या खाऱ्या पाण्यातून वर काढलेला बोटीचा ट्रेलर, सगळ्याला 120-130 बार पुरतात. सोसायटीच्या नळाला बऱ्याचदा जोर नसतो, म्हणून ड्रममधून स्वतः पाणी ओढणारं मशीनच घ्या. पंप हेड पितळी असेल तर उत्तम. 1500 वॉटच्या वर मोटर असेल तर 15 अँपिअरचा पॉइंट हवा.

शून्य अंशाचं, म्हणजे एकाच बारीक सरळ धारेत पाणी सोडणारं नोझल ट्रेलरवर वापरूच नका, रंग उडतो. चाकाच्या बेअरिंग सीलवर थेट फवारा मारलात तर पाणी आत शिरून ग्रीस खराब होतं. मीठ लपतं लीफ स्प्रिंगच्या पट्ट्यांत आणि पोकळ चौकटीत. तिथे जोरापेक्षा भरपूर गोडं पाणी लागतं, सावकाश सोडलेलं.